पाणी किती उचलते?

बारवेच्या पाण्यालगतच्या पायरीवर बसून घागर कलती केली की बुडबुड आवाज करत हवा बाहेर पडते, घागर भरते आणि काठासकट पाण्याखाली जाते. अशी भरलेली घागर पाण्यातल्या पाण्यात इकडून तिकडे न्यायला फारसे बळ लागत नाही. पोटात दहा-बारा लिटर पाणी असूनही हाताला जाणवतो तो फक्त तिच्या पत्र्याचा भार, आणि तोही थोडा उतरलेला. वर उचलताना मात्र काठ पाण्याबाहेर आला की वजन वाढू लागते. जितकी घागर बाहेर, तितका भार जास्त, आणि ती पूर्ण बाहेर काढून कमरेवर घेताना दम लागतो. या अवधीत घागरीत एक थेंबही वाढलेला नसतो. मराठवाड्यातल्या बायकांच्या कितीतरी पिढ्यांनी हा फरक मनगटात अनुभवला आहे. तो का पडतो, हे नीट समजून घेणे हाच या पुस्तिकेचा विषय आहे.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले वालूर आज त्याच्या बारवेमुळे ओळखले जाते. इथल्या एका बारवेच्या पायऱ्या सरळ खाली न उतरता गोल फिरत पाण्यापर्यंत जातात. अशी चक्राकार बारव महाराष्ट्रात फार दुर्मीळ. गाळाने आणि झुडपांनी ती बुजत चालली होती. अलीकडच्या काळात गावकऱ्यांनी हात लावून ती मोकळी केली, तेव्हा पायऱ्यांचा तो फेरा पुन्हा उघडा झाला. आमच्या विषयासाठी बारवेचा एक गुण फार मोलाचा वाटतो. साध्या विहिरीत पाणी दोराच्या टोकाशी असते आणि माणूस काठावर. बारवेत माणूस स्वतः पाण्यापाशी जातो, त्याचा हात पाण्यात असतो. तरंगणे आणि बुडणे हे हाताने शिकायचे प्रकरण आहे, म्हणून पुस्तिकेची सुरुवात बारवेपासून केली. प्रयोग मात्र सगळे बादलीत, परातीत आणि शाळेच्या हौदात करायचे आहेत, ही गोष्ट इथेच स्पष्ट सांगतो.

वस्तू का बुडते, असे कोणत्याही वर्गात विचारले तर उत्तर ठरलेले असते: जड असते म्हणून. मोठ्या माणसांचेही उत्तर बहुधा हेच. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांपुढे पाण्याचे भांडे आणि तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू ठेवून हाच प्रश्न विचारला होता. लहान मुले प्रत्येक वस्तूला वेगळे कारण देत. ही लहान म्हणून तरंगते, ती मोठी म्हणून तरंगते, ही लोखंडाची म्हणून बुडते. वजन आणि आकारमान ही दोन्ही एकदम मनात धरून त्यांचे प्रमाण काढायला मुलांना बराच काळ लागतो, असे त्यांना दिसले. हे वाचल्यावर मुलांच्या चुकीच्या उत्तरांकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. ‘जड ते बुडते’ हे उत्तर अर्ध्या वाटेवर थांबलेले आहे. मुलाला तिथून पुढे न्यायचे असते, त्यावर फुली मारून मोकळे व्हायचे नसते.

पुढे न्यायला दोन वस्तू पुरतात. एक टाचणी आणि एक लाकडी ओंडका. टाचणी तळाशी जाते आणि वीस किलोचा ओंडका खुशाल तरंगतो. म्हणजे नुसत्या वजनाने काही ठरत नाही. वस्तूचे वजन कशाशी ताडून पाहायचे, हा खरा प्रश्न. ते ताडायचे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याशी. ओंडक्याने अडवली असती तेवढी सगळी जागा पाण्याने भरली आणि ते पाणी तोलले, तर ते ओंडक्याहून जड भरते. टाचणीएवढे पाणी टाचणीहून कितीतरी हलके भरते. घनता या संकल्पनेचा गाभा एवढाच. एक घनसेंटिमीटर जागेत किती ग्रॅम पदार्थ मावतो, ती त्याची घनता. पाण्याची १. करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाची साधारण ०.९२, म्हणून तेलाचा तवंग वर येतो. सागवानाची ०.६५ च्या आसपास. बर्फाची ०.९२, म्हणून सरबतातला खडा जेमतेम डोके वर काढतो आणि बाकी सगळा आत असतो. ॲल्युमिनियम २.७, आपला काळा दगड २.९ च्या जवळपास, लोखंड ७.९, चांदी १०.५, पारा १३.६ आणि सोने १९.३. लोखंडाचा खिळा पाण्यात बुडतो पण पाऱ्यावर तरंगतो, हे या आकड्यांवरूनच कळते. तरंगणे हा एकट्या वस्तूचा गुणधर्म नाही. द्रव बदलला की निकाल बदलतो.

सूत्र पाठ असलेली मुले इथपर्यंत सहज येतात. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे त्यांच्या तोंडी असते. पण पाणी वस्तूला उचलते म्हणजे नेमके काय करते, असे विचारले की वर्ग शांत होतो. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘बल व दाब’ या धड्यात प्लावक बल येते आणि आर्किमिडीजचे तत्त्वही येते. तत्त्व बरोबरच आहे, तरी ते का खरे आहे हे एकदा स्वतः मांडून पाहिले नाही तर ते आज्ञेसारखे डोक्यावर बसते. मांडणी अवघड नाही. दहा सेंटिमीटर बाजू असलेला एक ठोकळा पाण्यात पूर्ण बुडवलेला आहे असे धरा. पाण्यात जितके खाली जावे तितका दाब वाढतो, कारण वरच्या पाण्याचा भार वाढतो. दर सेंटिमीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर एक ग्रॅमचा भार. ठोकळ्याची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा दहा सेंटिमीटर खोल आहे. म्हणून खालून वर रेटणारा दाब वरून खाली रेटणाऱ्या दाबापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला दहा ग्रॅमने जास्त. खालच्या बाजूचे क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर. शंभर गुणिले दहा, म्हणजे हजार ग्रॅम. पाणी त्या ठोकळ्याला एक किलोच्या बळाने वर रेटते. आणि ठोकळ्याने व्यापलेल्या जागेतले एक लिटर पाणी नेमके एक किलोच भरते.

या हिशेबात ठोकळा कशाचा आहे हे कुठेच आले नाही. लाकडाचा असो, दगडाचा असो, पाणी त्याला एक किलोनेच रेटणार. लाकडाचा ठोकळा स्वतः साडेसहाशे ग्रॅमचा, म्हणून तो वर येतो आणि त्याचा काही भाग बाहेर राहतो. काळ्या दगडाचा ठोकळा दोन किलो नऊशे ग्रॅमचा, म्हणून तो खाली जातो, पण पाण्यात असेपर्यंत हाताला एक किलो नऊशेच भरतो. बारवेत किंवा नदीत पडलेला चिरा पाण्याखाली सहज सरकतो आणि पाण्याबाहेर काढताना दोघांना आवरत नाही, तो यामुळे. खोलीही या हिशेबात आली नाही. पाच हात खाली नेला तरी ठोकळ्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या दाबातला फरक तोच राहतो. खोल पाणी जास्त उचलते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

घागरीचे कोडेही इथेच सुटते. पाण्याखालच्या घागरीतल्या पाण्याला भोवतालचे पाणी त्याच्या वजनाइतकेच वर रेटते. तो भार पाण्यानेच तोललेला असतो, हाताकडे उरते ते फक्त घागरीच्या पत्र्याचे काम.

आर्किमिडीजची मुकुटाची गोष्ट मराठी मुलांना ठाऊक असते: राजाचा मुकुट, सोनाराची लबाडी, न्हाणीघर आणि रस्त्यातून धावत जाणे. आर्किमिडीज इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सिसिलीतल्या सिराक्यूज शहरात होऊन गेला, आणि तरंगणाऱ्या वस्तूंवरचा त्याचा ग्रंथ आज उपलब्ध आहे. त्या ग्रंथात मुकुटाची गोष्ट नाही. ती लिहिली व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुविशारदाने, सुमारे दोनशे वर्षांनंतर. १५८६ साली बावीस वर्षांच्या गॅलिलिओने आक्षेप घेतला की सांडलेले पाणी मोजण्याची रीत आर्किमिडीजच्या बुद्धीला शोभत नाही, ती फार ढोबळ आहे. त्याने तराजूच सुचवला: मुकुट एकदा हवेत तोला, एकदा पाण्यात. हिशेब करून पाहा. एक किलो शुद्ध सोने सुमारे ५२ घनसेंटिमीटर जागा घेते, म्हणजे पाण्यात ५२ ग्रॅमने हलके भरते. त्यात तीनशे ग्रॅम चांदी मिसळली तर एक किलोचा तोच ऐवज सुमारे ६५ घनसेंटिमीटर होतो आणि ६५ ग्रॅमने हलका भरतो. तेरा ग्रॅमचा फरक चांगल्या तागडीला सहज कळतो. रुंद भांड्यात पाण्याची पातळी मात्र या फरकाने जेमतेम हलेल. गॅलिलिओचे म्हणणे पटते, आणि म्हणून पुस्तिकेत सांडलेल्या पाण्याच्या प्रयोगाआधी तानकाट्याचा प्रयोग ठेवला आहे.

वालूरचे लोक आपल्या गावाचा संबंध वाल्मीकी ऋषींशी लावतात. त्यामुळे इथल्या वर्गात तरंगण्याचा विषय निघाला की सेतूच्या दगडांचा प्रश्न हमखास येतो, आणि तो टाळू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. वाल्मीकी रामायणात नल वानरांकरवी झाडे, शिळा आणि डोंगरांचे कडे समुद्रात टाकून सेतू बांधतो. दगडावर नाव लिहिल्याने तो तरंगला ही कथा नंतरच्या परंपरेतली. श्रद्धेचा भाग ज्याने त्याने आपल्यापाशी ठेवावा. दगड तरंगू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर मात्र विज्ञानापाशी आहे, आणि ते ‘हो’ असे आहे. ज्वालामुखीतून फेसाळून बाहेर पडलेला लाव्हा झटकन थंड झाला तर त्याचा प्युमिस नावाचा दगड होतो. त्याच्या अंगभर बुडबुड्यांची घरे असतात आणि तो पाण्यावर तरंगतो. आपला दख्खनचा दगडही लाव्ह्याचाच, त्यातही काही थरांत भोके दिसतात, पण ती इतकी नसतात की दगड पाण्याहून हलका व्हावा. बऱ्याच भोकांत पुढे पांढरे स्फटिक भरून गेले आहेत.

तरंगणाऱ्या दगडापेक्षा तरंगणारी वीट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती माणसाने घडवली. त्यासाठी मराठवाड्याबाहेर जावे लागत नाही. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात या बाजारपेठेचे नाव आहे. तिथल्या जुन्या मंदिरांच्या विटा इतक्या हलक्या आहेत की त्या पाण्यावर तरंगतात. तेलंगणातल्या पालमपेटचे रामप्पा मंदिर १२१३ सालचे; २०२१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले. त्याच्या शिखरातही तरंगणाऱ्या विटा वापरल्या आहेत, म्हणजे खालच्या दगडी बांधकामावर भार कमी पडावा. वीट तरंगायला काय व्हावे लागते? भाजलेल्या मातीच्या कणांची घनता २.६ च्या आसपास. तिची वीट पाण्याहून हलकी व्हायची तर विटेच्या आकारमानातला साठ टक्क्यांहून अधिक भाग पोकळ असला पाहिजे. अर्ध्याहून जास्त वीट म्हणजे हवा, आणि तरीही ती शतकानुशतके भार सोसते! मातीत भुशासारखे जळून जाणारे काही मिसळले की भट्टीत त्याची राख होते आणि मागे पोकळी राहते. तेर हे गोरोबाकाकांचे, म्हणजे संत गोरा कुंभारांचे गाव, आणि कुंभाराला ही गोष्ट सांगावी लागत नाही. मातीत लीद मिसळायची, ती भाजताना जळायची आणि माठ पाझरून पाणी गार करायचा. माठाला पोकळी हवी ती पाझरण्यासाठी, विटेला हवी ती हलकेपणासाठी. तरंगणाऱ्या विटेतल्या पोकळ्या मात्र एकमेकींपासून बऱ्यापैकी बंद असाव्या लागतात. त्या जोडलेल्या असल्या तर पाणी शिरत जाते आणि वीट काही वेळाने तळ गाठते. मुलांनी साधी वीट पाण्यात टाकून तिच्यातून निघणारे बुडबुडे पाहावेत आणि ती आधी व नंतर तोलून पाहावी. तिने किती पाणी प्यायले ते कळेल.

आता शेताकडे. बाजरीच्या कणसात अरगट रोगाच्या गाठी तयार होतात आणि त्या मळणीत दाण्यांत मिसळतात. त्या विषारी असतात. दिसायला दाण्याच्या जवळच्या असल्याने हाताने निवडून निघत नाहीत. कृषी विद्यापीठांची यावरची शिफारस जुनी आहे: दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे सोडायचे आणि ढवळायचे. अरगटाच्या गाठी आणि पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाला बसलेले बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे आणि मग पेरायचे. यात मीठ औषध म्हणून घातलेले नाही. साध्या पाण्यात गाठीही बुडतात आणि दाणेही बुडतात. मिठाने पाण्याची घनता १.१ च्या वर नेली की ती दोघांच्या मधोमध येते, आणि गाठ वर, दाणा खाली अशी फूट पडते. दाण्याला धक्का न लावता द्रवच बदलून निवड करायची ही युक्ती फार सुंदर आहे, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरातल्या मुलांना तरी ती प्रयोग म्हणून ठाऊक असायला हवी. सरकीचेही तसेच. अंगावरचे तंतू असलेली सरकी पाण्यात टाकली तर तंतूंत अडकलेली हवा तिला तोलून धरते आणि चांगले-वाईट काही कळत नाही. तंतू काढलेली सरकी टाकली की पोचट बी वर राहते आणि भरलेले खाली जाते. कापसाच्या या मुलखात हा प्रयोग करायला सामान शोधत फिरावे लागणार नाही.

उफणणीचा मोह मात्र आम्ही टाळला आहे. खळ्यावर वाऱ्यात धान्य सोडले की भुसा लांब उडतो आणि दाणा पायाशी पडतो. ही घनतेचीच करामत असे सांगायला फार सोपे आहे. पण तिथे वाऱ्याचा रेटा, भुशाचा पसरट आकार आणि पडण्याचा वेग या गोष्टी मोठे काम करतात. उघडलेला कागद आणि त्याच कागदाची गोळी वाऱ्यात वेगवेगळी उडतात, कागद मात्र एकच असतो. मुलांना सोपे वाटावे म्हणून चुकीचे कारण देणे आम्हाला मान्य नाही.

दुधाच्या संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर असतो. काचेची ती नळी दुधात उभी तरंगते आणि दूध जितके पातळ तितकी खोल जाते. चांगल्या दुधाची घनता १.०२८ ते १.०३२ च्या दरम्यान. त्यालाच तिथले लोक अठ्ठावीस ते बत्तीस डिग्री म्हणतात. पाणी घातले की डिग्री उतरते. एवढे बहुतेकांना माहीत असते. माहीत नसते ते हे की साय काढून घेतली तर डिग्री चढते, कारण स्निग्धांश दुधाच्या बाकीच्या भागापेक्षा हलका. म्हणजे साय काढायची आणि मग बेताने पाणी घालायचे, की नळी पुन्हा जागेवर! म्हणून केंद्रावर डिग्रीबरोबर फॅटही तपासावी लागते. एका मापाने एकच प्रश्न सुटतो, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडले नाही.

स्वयंपाकघरातल्या उदाहरणांवर फार रेंगाळलो नाही, ती मुलांना घरी सापडतीलच. पुरी कढईत सोडताच तळाला जाते आणि आतल्या पाण्याची वाफ होऊन फुगली की वर येते. वजन जवळपास तेवढेच, आकारमान वाढले. शिळ्या अंड्याचे उलट होते: आकारमान तेच, पण कवचाच्या बारीक छिद्रांतून ओल निघून जाते, वजन घटते आणि शेवटी ते तरंगते. संत्रे सालासकट तरंगते आणि सोलले की बुडते, कारण सालात हवा असते.

पुस्तिकेतला पोहण्यावरचा भाग सर्वांत मोठा झाला आहे, आणि तो तसाच राहू दिला. विहिरी, शेततळी, दुधना आणि गोदावरीची पात्रे आणि धरणांचे जलाशय यांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या मुलांसाठी हा केवळ परीक्षेचा विषय नाही. माणसाचे शरीर पाण्याच्या अगदी सीमेवर आहे. छाती भरून श्वास घेतलेला असताना त्याची घनता साधारण ०.९८ असते. श्वास पूर्ण सोडला की बहुतेकांची घनता एकाच्या वर जाते. तीस किलोच्या मुलाचा हिशेब करा. छाती भरलेली असताना त्याचे शरीर जेमतेम सहाशे ग्रॅमचा भाग पाण्याबाहेर ठेवू शकते. पाणी एवढीच सूट देते. आकाशाकडे तोंड करून, कान पाण्यात ठेवून पडले तर नाक, तोंड आणि कपाळ बाहेर राहायला सहाशे ग्रॅम पुरतात. पण घाबरलेले मूल काय करते? दोन्ही हात उंच करते. दोन हातांचे वजन दोन-तीन किलो. हात पाण्यात असतात तोवर पाणी त्यांना तोलते. ते बाहेर आले की त्यांचा पूर्ण भार शरीरावर येतो, सूट तेवढीच असते आणि हातांच्या बदल्यात डोके खाली जाते. शिवाय ते ओरडते, म्हणजे छातीतली हवा सोडते, म्हणजे घनता वाढते. जीव वाचवायला ते जे जे करते तेच त्याला खाली नेते. हे वाक्य लिहिताना हात जड होतो, पण प्रत्येक मुलाला ते कळलेच पाहिजे. हात पाण्यात ठेवायचे, मान मागे टाकायची, छाती भरलेली ठेवायची. हे फक्त सांगून होत नाही. उथळ पाण्यात, जाणत्या माणसाच्या हाताखाली सराव करूनच अंगात मुरते.

ओले कपडे माणसाला खाली ओढतात, असे सर्रास म्हणतात. कपड्यांनी प्यायलेल्या पाण्याला पाण्यात वजन नसते, घागरीतल्या पाण्यासारखेच. कपड्यांचा खरा त्रास असा की हातपाय हलत नाहीत, आणि बाहेर चढताना मात्र ते पाणी पूर्ण वजनानिशी अंगावर येते. आता भोपळ्याचे पाहू. सुकवून पोकळ झालेला भोपळा पाठीला बांधून आपल्या मुलखात लोक पोहायला शिकत आले; पुढे पत्र्याचा डबा आला, आता प्लास्टिकचा कॅन. पाच लिटरचा आणि अर्ध्या किलोचा भोपळा पूर्ण पाण्याखाली गेला तर साडेचार किलोने वर रेटतो. मुलाचे डोके आणि मान पाण्याबाहेर ठेवायला तेवढे पुरते. पण कॅनचे झाकण सैल असले आणि आत पाणी शिरले तर त्याचा आधार लिटरमागे एक किलोने कमी होत जातो, आणि हे बाहेरून दिसत नाही. म्हणून मोठे माणूस काठावर असल्याशिवाय कोणत्याही मुलाने विहिरीत मुटका मारू नये.

उन्हाळ्यात विहिरीत बुडी मारणाऱ्याला वरचे पाणी कोमट आणि पायाशी एकदम गार लागते, तेही घनतेमुळेच. पंचवीस अंशांच्या पाण्याची घनता ०.९९७ आणि तीस अंशांच्या पाण्याची ०.९९६. हजारातला एकाचा फरक, पण तेवढ्यानेही ऊन पाणी गार पाण्यावर थर करून राहते. बुडी मारताना अंगाला बसणारा धक्का या थराचा असतो.

लोखंडाचे जहाज तरंगते कसे, हा प्रश्न समुद्रापासून इतक्या दूरच्या मुलांनाही पडतो. एक किलो लोखंडाचा गोळा सुमारे १२७ घनसेंटिमीटरचा. पाणी त्याला १२७ ग्रॅमनेच उचलते. तोच ठोकून लिटरभराहून मोठी वाटी केली की ती तरंगते, कारण आता तिने अडवलेल्या जागेत पोकळीही धरली जाते. भार किती घालायचा याची रेघ जहाजाच्या अंगावर रंगवण्याचा कायदा ब्रिटनमध्ये १८७६ साली सॅम्युएल प्लिम्सॉल यांच्या झगड्यामुळे झाला. गोड्या पाण्यासाठी वेगळी, जास्त वरची रेघ असते, कारण समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ आणि नदीत शिरल्यावर तेच जहाज जास्त खोल बसते. पण घनतेच्या परीक्षेत पास झालेली बोटही उलटू शकते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट खवळलेल्या समुद्रात कलली, प्रवासी एका बाजूला लोटले गेले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. तरंगणे आणि सरळ तरंगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भार किती, एवढेच पाहून चालत नाही; तो कुठे आहे हेही पाहावे लागते. पुस्तिकेत परातीत कणकेच्या गोळ्या ठेवून हा भाग करून पाहायचा आहे. गोळ्या मध्ये ठेवा, मग एका काठाला सरकवा.

शिक्षकांसाठी दोन शब्द. प्रत्येक प्रयोगाआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्यावा, कारणासकट. अंदाज चुकला तर वही खोडायला लावू नये. प्रयोगांना महागडे सामान लागत नाही: बादली, तानकाटा, मीठ, कणीक, वीट, डबा आणि मापाचे भांडे. सूत्र शेवटी द्यावे. ज्या मुलाने दगड हवेत आणि पाण्यात तोलला आहे त्याला ते सूत्र आपल्याच अनुभवाचे संक्षिप्त रूप वाटेल.

पुस्तिकेतला शेवटचा प्रश्न इथेच देतो, कारण तो वर्गात सर्वांत जास्त वाद घडवतो. लहान हौदात परात तरंगते आहे आणि परातीत एक दगड आहे. हौदाच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारा. आता दगड परातीतून काढून हळूच पाण्यात सोडा. पातळी चढेल, उतरेल की तशीच राहील? निम्मा वर्ग चढेल म्हणतो, कारण दगड आता पाण्यात आहे. प्रत्यक्षात ती उतरते. परातीत असताना दगड आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारत होता. काळ्या दगडाच्या बाबतीत ते त्याच्या आकारमानाच्या जवळजवळ तिप्पट. तळाशी गेल्यावर तो फक्त आपल्या आकारमानाइतके पाणी सारतो. हौद रुंद असेल तर फरक डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून परात जेमतेम मावेल एवढे अरुंद घमेले घ्या आणि दगड मोठा घ्या.